मुक्या बाजारातला सौदा

माणूस मेला की तो कोणाचा असतो? दिसेल त्याला मी हे विचारलं. उत्तर कोणीच दिलं नाही. त्याच्या मिठाबद्दल मी विचारलंच नव्हतं. त्याचं उत्तर मात्र सगळ्यांकडे तयार होतं!

माझा दादा सिरिमान मीठ वाहणारा हमाल. वाळवंट ओलांडून येणाऱ्या तांड्याबरोबर चालायचा. तांड्यातले व्यापारी मुसलमान, म्हणून वाटेत तोही त्यांच्या रांगेत नमाज पढू लागला. पण आईने दंडावर बांधलेला देवराईचा ताईत काही त्याने सोडला नाही. या खेपेला ताप अंगात घेऊन आला आणि वेशीवरच गेला. मागे राहिली मजुरीत मिळालेली मिठाची एक लादी, आणि मी, बाजारात ओझी वाहणारा त्याचा धाकटा भाऊ.

आमच्या राजधानीत दोन गावं आहेत. एक जुनं, एक व्यापाऱ्यांचं. मधे बाजाराचं मैदान. मी आधी व्यापाऱ्यांच्या गावात गेलो.

तांड्याचा मालक हाजी इद्रीस म्हणाला, "दंडावर ताईत? मग आमच्या कबरस्तानात जागा नाही. लादी तेवढी आणून दे."

"ती तुमची कशी?"

"आमच्या रांगेत नमाज पढायचा ना तो! तू पढत नाहीस, म्हणजे तू त्याचा वारस नाहीस."

तिथून पळत जुन्या गावात गेलो. देवराईचा पुजारी तूमानी म्हणाला, "कपाळ वाळूला टेकवणारा आमच्या देवराईत नको. लादी मात्र देवराईतल्या नागोबापुढे ठेवून जा. आमचा ताईत होता ना त्याच्या दंडावर!"

"नागोबा मीठ खातो?"

"जीभ आवर, फोदे!"

जीभ आवरली नाही. तसाच राजवाड्यात घुसलो आणि ओरडलो, "महाराज, माझ्या दादाचं मीठ दोघांना हवंय, दादा कोणालाच नकोय!"

राजाने दोघांना बोलावून घेतलं. राजा शुक्रवारी मशिदीत जायचा आणि शनिवारी देवराईत. व्यापारी रुसले तर मीठ थांबतं, पुजारी रुसला तर त्याचं ऐकणाऱ्या खाणवाल्यांचं सोनं. मग न्याय कोणाच्या बाजूने करणार? त्याने सगळा भार माझ्याच डोक्यावर टाकला.

"पोरा, सूर्य मावळायच्या आत भावाला पुर. जागा दोन्ही गावांची हवी. आणि या दोघांच्या तोंडून हरकतीचा एक शब्द निघता कामा नये. निघाला, तर लादी माझ्या खजिन्यात आणि प्रेत तरसांना!"

"हे दोघं आणि गप्प? महाराज, त्यापेक्षा दादालाच उठून बसायला सांगा!"

राजाने हसू दाबलं. हाजी आणि पुजाऱ्याने एकदम मान डोलावली. इतक्या वर्षांत त्यांचं हे पहिलंच एकमत.

मी म्हणालो, "मग मला मुक्या बाजाराचा ढोल द्या."

आमच्याकडे सोनं खणणारे लोक परक्यांशी बोलत नाहीत. म्हणून बाजार मुका भरतो. माल मैदानात ठेवायचा, ढोल वाजवायचा आणि दूर जायचं. घेणाऱ्याने यावं, बदल्यात आपली वस्तू ठेवावी, माल उचलावा. उचलला की सौदा पक्का. वरचं घेतलं आणि खालचं टाकलं, असं चालत नाही. ढीग घ्यायचा तो अख्खा. आणि मैदानात जो बोलला, त्याला बाजार जन्माचा बंद!

दादाला मी चटईत गुंडाळून मैदानात निजवलं, वर गवत पसरलं आणि त्यावर लादी ठेवली. ढोल वाजवला आणि झाडामागे गेलो. राजा छत्रीखाली बसून बघत होता.

दोन्हीकडून दोघं धावत आले! पांढरी लादी उन्हात चमकत होती. खाली काय आहे हे बघतो कोण? हाजीने घाईघाईने पांढऱ्या कापडाचं ठाण ठेवलं. तूमानीने खांद्यावरची कुदळ टाकली. एकाने लादीचं एक टोक धरलं, दुसऱ्याने दुसरं. लादी उचलली गेली, गवत घसरलं, आणि दादाचे पाय दिसले.

मी ढोल बडवला. धडाम! सौदा पक्का!

हाजीने तोंड उघडलं.

"अंहं!" राजा छत्रीखालून म्हणाला. "मैदानाबाहेर बसलोय, म्हणून मी बोलू शकतो. तुम्ही मैदानात आहात."

हाजीचं तोंड मिटलं. तूमानीने लादी सोडायला बोटं सैल केली, पण सगळा भार एकट्यावर येताच हाजीने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने पुन्हा घट्ट धरली.

मी मैदानाच्या कडेबाहेर उभा राहून म्हणालो, "महाराज, जागा बाजाराची, म्हणजे दोन्ही गावांची. हरकत कोणाचीच ऐकू आली नाही. दादा अख्खा विकला गेला. आणि किंमत बघा, हाजींनी कफन दिलं, पुजारीबुवांनी कुदळ! आता गिऱ्हाइकांनी आपला माल खांद्यावर घ्यावा!"

राजा इतका हसला, की छत्री धरणाराही हसायला लागला आणि छत्री एका बाजूला कलली.

"आणि लादी?" राजाने डोळे पुसत विचारलं.

"मालाबरोबर गेली. दोघांनी वाटून घ्यावी. मला माझा माणूस मातीत गेलेला हवा होता."

"ढोल तुझ्याकडेच ठेव," राजा म्हणाला. "आजपासून या बाजाराचा ढोलकरी तू!"

पुढून हाजी, मागून पुजारी. दादाला त्यांनीच नेलं, कुरकुरही न करता. मैदानातच, कडेला खड्डा खणला गेला. मी आत उतरलो, डोक्यावरची माझी चुंबळ काढली आणि दादाच्या मानेखाली सरकवली.