तात्यासाहेबांची मोटर

आमच्या गावात सगळ्यांची मिळून एक कार्यशाळा निघणार होती. कुणीही यावं, बिघडलेलं उघडून बघावं, सोल्डरिंग शिकावं! हत्यारं जमली, फक्त जागा ठरेना. सरपंच तात्यासाहेब म्हणाले, "टेकडीवर बांधा." वर त्यांचे प्लॉट होते, कार्यशाळेच्या निमित्तानं तिथवर डांबरी रस्ता गेला असता. पण एवढं चढून येणार कोण?

"पाच मिनिटांची तर वाट!" तात्यासाहेब गरजले.

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या जैबूनआपा उठल्या. "मंजूर! उद्या सकाळी वरच नारळ फोडू. ज्यानं त्यानं घरची बिघडलेली वस्तू स्वतः उचलून आणायची, गडी लावायचा नाही. तात्यासाहेब, तुमची पाण्याची मोटर जळालीय ना? पहिला मान तिचा."

सकाळी अख्खं गाव लोटलं. तात्यासाहेबांनी ऐटीत मोटर खांद्यावर घेतली. चढण लागली आणि बंद पडलेल्या चावडीच्या ओट्यावर त्यांनी ती धाडकन टेकवली. "बास! आता एक पाऊलही पुढं नाही."

आपांनी तिथंच नारळ फोडला.

"अहो, हे काय?"

"माणूस बिघडलेली वस्तू जिथवर आणू शकतो, तिथंच कार्यशाळा चालते. जागा तुम्हीच दाखवलीत, तात्यासाहेब!"