कारचं कॅरियर

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे पेट्रोल परवडायचं तेव्हा, एका लाल स्पोर्ट्स कारने आपल्या सायकल मैत्रिणीला डोंगरावर न्यायचं कबूल केलं. त्यासाठी ती कॅरियर शोधू लागली. एकाने टपाला ओरखडे पडतील, दुसरं बोजड दिसेल, अशी नाकं मुरडत अखेर तिने एक चंदेरी कॅरियर पाठीवर बसवून घेतलं.

सायकल चढायला लागताच कार खेकसली, "थांब! तू बसलीस तर हे दिसणार कसं?" आणि एकटीच सुसाट निघाली.

डोंगराच्या पायथ्याशी गतिरोधकावर तिचं पोट अडकलं. काही वेळाने घंटी वाजवत सायकल आली.

"अगं, मला वर ने ना!" कार रडकुंडीला आली.

"नेलं असतं गं, पण माझ्या कॅरियरवर दळणाचा डबा आहे," सायकल म्हणाली. "तुझं मात्र अगदी लांबूनच नजरेत भरलं हो!"