उतारावरचा गिअर

घाटाचं शेवटचं वळण जिथे संपतं आणि भाताची खाचरं सुरू होतात, तिथल्या एका गावात मोरेश्वर शेट्ये नावाचा भांड्यांचा व्यापारी राहत होता. माणूस कष्टाळू होता, सचोटीचा होता. त्याच्या दुकानात सुतळीचा तुकडाही वाया जात नसे, आणि गिऱ्हाइकाला त्याने कधी फसवलं नाही. दोष एकच होता. आपल्याला कुणी काही शिकवावं, हे त्याला खपत नसे.

त्याचा मुलगा बोटीवर नोकरीला होता. सून वैदेही पहिल्या बाळंतपणासाठी कोल्हापूरला माहेरी गेली होती. नातवंड घरी यायचं तर दारात गाडी हवी, म्हणून मोरेश्वरने एक लहानशी, उंच बसणीची डिझेल गाडी घेतली. बाहेरून आटोपशीर, आतून ऐसपैस. तांबड्या मातीच्या खाचखळग्यांतून ती न घासता जाई, आणि मागे डिकीत पाळणाही मावे. शिवाय तिच्यात एक जास्तीची बॅटरी होती. गाडी मंदावली की वाया जाणारा जोर ती साठवून ठेवी आणि पुन्हा निघताना इंजिनाला हातभार लावी. गाडी उभी करून न्यूट्रल केली की इंजिन आपोआप गप्प होई. क्लच दाबला की जागं होई.

पहिल्याच दिवशी रेल्वे फाटकाशी इंजिन असं गप्प झालं, तेव्हा मोरेश्वरला घाम फुटला.

"नवीकोरी गाडी, आणि बंद पडली!" तो म्हणाला.

शेजारी त्याची बायको शालिनी बसली होती. ती म्हणाली, "बंद नाही पडली हो. थांबलीय. काम नसताना थांबते ती."

शोरूममधल्या मुलीने हे सगळं नीट समजावून दिलं होतं. मोरेश्वर तेव्हा हार घातलेल्या गाडीपुढे नारळ घेऊन फोटोला उभा होता. शालिनीने मात्र शब्द न् शब्द ऐकला होता. त्या मुलीने आणखीही एक गोष्ट सांगितली होती. घाट उतरताना गिअर काढू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय नुसता उचला, की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेकवर सगळा भार येत नाही, आणि तेवढा वेळ गाडी डिझेलही घेत नाही.

आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की तिचा रंग, तिचं नाव, हे सगळं मागाहून विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो. मोरेश्वर चहाच्या टपरीवर गेला की कुणी ना कुणी विचारीच, "काय शेटानू, ॲव्हरेज किती दिता?"

गाडीच्या पडद्यावर तो आकडा दिसत असे. मोरेश्वर तो सांगे आणि ऐकणाऱ्यांच्या भुवया उंचावत. त्याला ते गोड लागू लागलं. मग आकडा आणखी वर चढावा म्हणून त्याने जुन्या ड्रायव्हर लोकांची एक सवय उचलली. घाटाचा माथा आला की तो गिअर काढून गाडी न्यूट्रलवर सोडून द्यायचा. गाडी आपोआप खाली घरंगळत जायची आणि डिझेल वाचतंय या आनंदात तो शीळ घालायचा. खरं तर काही वाचत नव्हतं. न्यूट्रलवर इंजिन सुरू ठेवायला डिझेल लागतच होतं, आणि गाडी गिअरमध्ये राहिली असती तर तेही लागलं नसतं. पण हे त्याला सांगणार कोण?

शालिनीने सांगून पाहिलं. "अहो, उतारावर गिअर काढू नका. शोरूममधली मुलगी म्हणाली होती."

"तुला गाडीतलं काय कळतं?" मोरेश्वर म्हणाला. "गिअरात ठेवली की गाडी मागे ओढते. अडकल्यासारखी चालते."

तिने दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. मग ती बोलायची थांबली. तिचं बोलणंही त्याला मागे ओढल्यासारखंच वाटत होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण ज्याला शिकायचं नसतं, त्याला शिकवायची मोठी हौस असते. टपरीवर बसून मोरेश्वरने आपली युक्ती गावाला शिकवली. शाळेतले तरुण मास्तर सुहास गावडे यांनी तशीच गाडी नुकती घेतली होती. त्यांना तर त्याने शेजारी बसवून एकदा घाट उतरून दाखवला.

वैशाखात वैदेहीचे सव्वा महिन्याचे दिवस भरले. बाळ-बाळंतिणीला आणायला मोरेश्वर आणि शालिनी कोल्हापूरला गेले. विहीणबाईंनी डिकी भरून दिली. पाळणा, दुपटी, डिंकाच्या लाडवांचा डबा, वर दोन गाठोडी. मागच्या सीटवर वैदेही बाळाला मांडीवर घेऊन बसली. शालिनी पुढे बसली. दुपारच्या उन्हात ते घाटाच्या माथ्यावर आले.

मोरेश्वरचा हात सवयीने गिअरवर गेला. शालिनीने त्या हाताकडे पाहिलं, मग मागे बाळाकडे पाहिलं. एवढ्या दिवसांनी ती पुन्हा बोलली. "आज तरी नको."

"आजच तर बघ," तो म्हणाला, "एवढ्या ओझ्यातसुद्धा काय आकडा येतो." आणि त्याने गिअर काढला.

भरलेली गाडी नेहमीपेक्षा जोरात उतरू लागली. पहिल्या वळणाला त्याने ब्रेक दाबला. दुसऱ्या वळणाला जास्त दाबला. पुढे पुढे तर ब्रेकवरून पाय काढायला फुरसतच मिळेना. अर्धा घाट उतरेपर्यंत गाडीत जळका वास शिरला.

"बाबा, कसला हो वास?" वैदेहीने विचारलं.

तोवर पुढचं वळण आलं होतं आणि मोरेश्वरने दाबलेला ब्रेक नुसताच आत गेला होता. गाडी धरली नाही. त्याने पुन्हा दाबला. ब्रेक पुन्हा आत गेला. एका बाजूला दरी होती. समोर वळणावर, डोंगराच्या कडेने, करवंदं विकणाऱ्या बाया टोपल्या मांडून बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मोरेश्वरला वाटलं, आता आपल्याला कुणीतरी सांगावं.

"गिअर टाका," शालिनी म्हणाली. ती ओरडली नाही. "अहो, गिअर!"

त्याने क्लच दाबून तिसरा टाकला. इंजिन कळवळून ओरडलं आणि मागून कुणी तरी कंबरेला धरावं तशी गाडी आवळली गेली. त्याने दुसरा टाकला. गाडी आणखी आवळली. त्याने ती दरीपासून वळवून डोंगराकडच्या मातीत घातली. माती उडाली, बाया किंचाळत बाजूला पळाल्या, चाकाखाली काहीतरी चरचरलं, आणि गाडी थांबली.

मागे बाळ रडू लागलं. ते रडणं ऐकून तिघांच्या जिवात जीव आला.

मोरेश्वर खाली उतरला. पुढच्या चाकाखाली करवंदांची एक टोपली चपटी झाली होती आणि मातीत काळा रस पसरला होता. जवळच पाण्याची बाटली हातात घेऊन एक म्हातारी उभी होती. ती टोपली तिचीच होती.

"पाण्याक उठलंय म्हणान वाचलंय," ती म्हणाली. "नायतर हयसरच बसललंय."

मोरेश्वरने खिशात हात घातला आणि हाताला येतील तेवढ्या नोटा तिच्यापुढे धरल्या. म्हातारीने त्यातली एकच काढून घेतली.

"टोपलेचे घेतलंय," ती म्हणाली. "माझ्या जिवाचे नको. तो आसा अजून माझ्याकडे."

बाकीच्या नोटा हातात तशाच राहिल्या. मोरेश्वरला आपल्या पैशाची इतकी लाज कधी वाटली नव्हती. शालिनीने ती चपटी टोपली उचलून डिकीत ठेवली. ब्रेक निवेपर्यंत ते तिथेच थांबले, आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश, घरी आले. वाटेत शालिनी एकदाही म्हणाली नाही की मी सांगत होते. ती म्हणाली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये ब्रेकला नवे भाग घातले. संध्याकाळी बाळाला बघायला माणसं जमली. घाटातली बातमी आधीच गावभर झाली होती. जो तो म्हणू लागला, "कंपनीचे ब्रेकच कच्चे." "हल्लीच्या गाड्या मेल्या अशाच." मोरेश्वर ऐकत होता. त्याला नुसती मान हलवायची होती. मान हलवली की सगळा दोष गाडीवर जाणार होता आणि त्याची अब्रू राहणार होती.

त्याने मान हलवायला सुरुवातही केली. तेवढ्यात सुहास मास्तर आत आले. पाळण्यातल्या बाळाच्या हातात त्यांनी टोपडं दिलं आणि हसत म्हणाले, "काका, उद्या पहाटेच आईबाबांना घेऊन घाटावर जातोय. येताना तुमचीच युक्ती. बघू आमची गाडी किती ॲव्हरेज देते."

मोरेश्वरची मान जागच्या जागी थांबली. घर माणसांनी भरलेलं होतं. उद्या मास्तरांना एकट्याला गाठून हळूच सांगता येईल, असं त्याच्या मनात आलं. पण मास्तर पहाटेच निघणार होते. आणि ही युक्ती त्याने एकट्या मास्तरांना थोडीच शिकवली होती? समोर बसलेल्यांत निदान चौघे जण ती रोज वापरत होते. त्यांच्याही गाड्यांत कुणाची म्हातारी बसत होती, कुणाची पोरं बसत होती.

तो उठला. ओटीवर ठेवलेली चपटी टोपली घेऊन आला आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

"मास्तर, ही बघा," तो म्हणाला. "हिच्याशेजारी एक बाई बसली होती. ती पाणी प्यायला उठली, म्हणून आज मी इथे तुमच्यासमोर आहे. ब्रेक कच्चे नव्हते. गाडी चांगली आहे. मीच तिचा गिअर काढून घेतला होता. आमच्या हिने पहिल्या दिवसापासून सांगितलं, मी ऐकलं नाही. मी तुम्हा सगळ्यांना चुकीचं शिकवलं. उतारावर गिअर काढू नका."

मागून एक जण हसला, "म्हणजे शेटानू, इतके दिवस तुमी आमका..." त्याचं वाक्य पुरं झालं नाही, पण त्याचं हसू सगळ्यांनी ऐकलं. मोरेश्वरचा चेहरा लाल झाला. तरी तो खाली बसला नाही. गिअर कुठला ठेवायचा, पाय कधी उचलायचा, हे त्याने शालिनीलाच सांगायला लावलं, आणि ती सांगत असताना स्वतः पहिल्यांदाच नीट ऐकलं.

मास्तर आईबाबांना घेऊन गेले आणि सुखरूप परत आले. घाटात काही घडलं नाही. काही घडलं नाही, म्हणून त्याची बातमीही झाली नाही.

पुढच्या आठवड्यात मोरेश्वर टपरीवर गेला. परगावचा एक माणूस चहा पीत बसला होता. त्याने टपरीसमोरची गाडी न्याहाळली आणि ठरलेला प्रश्न विचारला, "शेटानू, ॲव्हरेज किती दिता?"

मोरेश्वरने कप खाली ठेवला.

"दोघं गेलो होतो," तो म्हणाला. "चौघं घरी आलो."

तात्पर्य: उतारावर जे आपल्याला धरून ठेवतं, त्याला ओझं समजू नये; आणि आपली चूक आपण चारचौघांत शिकवली असेल, तर ती चारचौघांतच कबूल करावी.