ठिपकीच्या विमानाचं शेपूट

शाळेमागे कुंपण. कुंपणाखाली बीळ. बिळात कोण?

बिळात ठिपकी.

ठिपकी म्हणजे एवढीशी उंदरी. बोराएवढं डोकं. दोऱ्याएवढी शेपटी. नाकावर एक पांढरा ठिपका.

ठिपकीच्या बाई होत्या खारबाई. खारबाईंनी सगळ्यांना एकेक पट्टी दिली. बाल्साची पट्टी. बाल्सा म्हणजे फार हलकं लाकूड. फुंकर मारली की सरकतं.

खारबाई म्हणाल्या, "एकाला एकच पट्टी. दुसरी मिळणार नाही. विमान करा. शनिवारी वारुळावरून उडवू. घंटा तीनदा झाली की सुरू."

ठिपकीनं तीन दिवस काम केलं.

पहिल्या दिवशी मापं घेतली. दुसऱ्या दिवशी पट्टी कापली. कुरू कुरू कुरू. तिसऱ्या दिवशी घासली. खस खस खस.

झाली एक लांब पाठ. झाला एक रुंद पंख. झालं एक छोटं शेपूट.

विमानाच्या नाकावर मेणाची गोळी लावली. पंख डिंकानं चिकटवला.

शनिवार उजाडला. फक्त शेपूट चिकटवायचं राहिलं. ठिपकीनं ते दगडावर ठेवलं. डिंक आणायला ती बिळात गेली. बाहेर आली.

शेपूट नाही.

दगडाखाली पाहिलं. नाही. गवतात पाहिलं. नाही.

तिनं बिनशेपटाचं विमान उडवून पाहिलं. ते गर्रकन फिरलं आणि धपकन पडलं.

सुतारपक्षी म्हणजे शाळेची घंटा. त्यानं खोडावर चोच मारली. टक.

एक घंटा झाली.

ठिपकीला रडू आलं. ती थोडीशी रडली. मग तिनं वर पाहिलं. शाळेच्या भिंतीत होतं एक भोक. भोकात बसली होती साळुंकी. साळुंकीच्या चोचीत होतं शेपूट.

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"साळुंकीमावशी, साळुंकीमावशी, शेपूट दे.
शेपूट लागेल विमानाला,
विमान उडेल सूंऽऽ."

साळुंकी म्हणाली, "हे तुझं होय? किती गुळगुळीत आहे. कुणी घासलं?"

"मी."

"छान घासलंस. म्हणून तर मी उचललं. पण आता कसं देऊ? आज मला अंडी घालायची आहेत. घरट्यात घालायला काहीतरी नको का? कापूस आण. आधी कापूस, मग शेपूट."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

कापूस कुठे? सावरीच्या झाडावर. सावरीआजी उंच. तिची बोंडं त्याहून उंच. बोंडांत पांढरा पांढरा कापूस.

"सावरीआजी, सावरीआजी, कापूस दे.
साळुंकीमावशी शेपूट देईल.
शेपूट लागेल विमानाला,
विमान उडेल सूंऽऽ."

सावरीआजी म्हणाली, "घे की बाळा. पण चढशील कशी? माझ्या अंगावर हे एवढाले काटे. वानराला बोलाव. तो फांदी हलवेल, बोंडं पडतील. आधी वानर, मग कापूस."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

वानरमामा शाळेच्या पत्र्यावर आडवा पडला होता. एक पाय इकडे, एक पाय तिकडे.

"वानरमामा, वानरमामा, फांदी हलव.
सावरीआजी कापूस देईल.
साळुंकीमावशी शेपूट देईल.
शेपूट लागेल विमानाला,
विमान उडेल सूंऽऽ."

वानरमामानं एक डोळा उघडला. "कोण बोलतंय? दिसत तर कुणी नाही."

"मी, मामा. खाली."

"अगं बाई, एवढीशी तू? आणि मला कामं सांगतेस?"

"सांगत नाही, मामा. विचारते."

"विचारलंस ते बरं केलंस. पण माझी जीभ बघ कशी कोरडी पडलीय. हापशाखालच्या डोणीत थेंब नाही. आधी पाणी, मग फांदी."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

शाळेच्या कोपऱ्यात होता हापसा. म्हातारा हापसा. हलला की कुरकुरायचा. त्याच्याखाली दगडी डोणी. डोणी ठणठणीत कोरडी.

"हापसेआजोबा, हापसेआजोबा, पाणी द्या.
वानरमामा फांदी हलवेल.
सावरीआजी कापूस देईल.
साळुंकीमावशी शेपूट देईल.
शेपूट लागेल विमानाला,
विमान उडेल सूंऽऽ."

हापसेआजोबा म्हणाले, "कुईंऽऽ. पाणी आहे गं माझ्या पोटात. पण दांडा कोण दाबणार?"

"मी दाबते."

ठिपकी दांड्यावर चढली. लोंबकळली. पाय झाडले. दांडा हलला नाही.

"उतर, उतर," आजोबा म्हणाले. "गुदगुल्या होतात. बकुळा शेळीला आण. आधी दांडा, मग पाणी."

सुतारपक्ष्यानं चोच मारली. टक टक.

दोन घंटा झाल्या.

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. तुरुतुरु तुरुतुरु.

बकुळाकाकू बोरीखाली उभी होती. खात नव्हती. नुसती डोकं हलवत होती. फडफड फडफड.

"बकुळाकाकू, बकुळाकाकू, दांडा दाब.
हापसेआजोबा पाणी देतील.
वानरमामा फांदी हलवेल.
सावरीआजी कापूस देईल.
साळुंकीमावशी शेपूट देईल.
शेपूट लागेल विमानाला,
विमान उडेल सूंऽऽ."

बकुळाकाकू म्हणाली, "मला काही सांगू नकोस. माझ्या कानात गोचीड बसलीय. रक्त पिते मेली. गाईला दाखवलं, तिचं तोंड कानात जाईना. कोंबडीला दाखवलं, तिनं गोचीड सोडून कानच टोचला. आधी कान, मग दांडा."

ठिपकीनं इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही.

मग तिनं आपले हात पाहिले. एवढेसे हात. तिळाएवढी बोटं.

"काकू, कोणता कान?"

"डावा."

"मान खाली कर."

"तू काढणार?"

"मी काढणार. हलू नकोस."

ठिपकी शेळीच्या नाकावर चढली. नाकावरून कपाळावर. कपाळावरून कानात. आत काळोख. आत गरम गरम.

गोचीड सापडली. ठिपकीनं धरली. ओढली. निघेना.

पुन्हा धरली. पुन्हा ओढली. निघेना.

ठिपकीनं पाय रोवले. डोळे मिटले. दोन्ही हातांनी ओढली.

पुट्.

निघाली.

बकुळाकाकूनं कान हलवला. मान हलवली. एक उडी मारली. "गेली की गं. चार दिवसांनी बरं वाटलं. चल, बस पाठीवर. कुठाय तो दांडा?"

टपाटप टपाटप.

बकुळाकाकूनं पुढचे दोन पाय दांड्यावर ठेवले आणि दांडा दाबला. खटक खटक.

हापसेआजोबांनी पाणी दिलं. भळाभळा.

वानरमामा उडी मारून आला. पाणी प्याला. घटाघटा. तोंड पुसलं आणि थेट झाडावर गेला.

वानरमामानं फांदी हलवली. सळसळ सळसळ.

सावरीआजीनं कापूस दिला. भुरुभुरु भुरुभुरु. ठिपकीच्या डोक्यावर कापूस. मिशांवर कापूस. ठिपकी शिंकली आणि मिठीभर कापूस घेऊन पळाली.

साळुंकीमावशीनं कापूस घेतला. घरट्यात पसरला. वर बसून पाहिलं. "आहाहा. याच्यापुढे काडीबिडी काय करायची?"

आणि साळुंकीमावशीनं शेपूट दिलं.

ठिपकीनं शेपटाला डिंक लावला. विमानाला टेकवलं. दोन्ही हातांनी दाबून धरलं.

टक टक टक.

तीन घंटा झाल्या.

डिंक अजून ओला होता. दहा मोजायला हवेत. तुम्ही पण मोजा.

एक. दोन. तीन.

वारुळावर पहिला आला घुशीचा गुबऱ्या. त्याचं विमान मोठं होतं, लाल रंगाचं. गुबऱ्यानं विमान पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "बाई, याचं तोंड कुठलं?"

"तूच केलंस ना?"

"बाबांनी केलंय. मला हात लावू दिला नाही."

गुबऱ्यानं विमान उलटं फेकलं. विमान गर्रकन फिरलं. धपकन पडलं.

चार. पाच. सहा.

मग आली बेडकी. तिचं विमान जरासं गेलं आणि झुडपात अडकलं. बेडकी त्याच्या मागे गेली. टुणुक टुणुक.

सात. आठ. नऊ.

खारबाईंनी हाक मारली. "ठिपकी."

दहा.

ठिपकी वारुळावर चढली. तुरुतुरु तुरुतुरु.

खारबाईंनी विमान हातात घेतलं. वरून पाहिलं. खालून पाहिलं. शेपटाला हळूच बोट लावलं. "पक्कं बसलंय. कुणी केलं?"

"मी केलं, बाई."

"मग उडव."

ठिपकीनं श्वास घेतला. विमानाचं नाक समोर धरलं. हात मागे नेला.

आणि सोडलं.

विमान खाली गेलं. आणखी खाली गेलं.

मग विमानानं नाक उचललं. पंख सरळ झाला. शेपूट सरळ झालं.

सूंऽऽऽऽ.

बकुळाकाकूच्या शिंगांवरून, सूंऽऽ.
हापसेआजोबांच्या दांड्यावरून, सूंऽऽ.
वानरमामाच्या डोक्यावरून, सूंऽऽ.
सावरीआजीच्या सावलीवरून, सूंऽऽ.
साळुंकीमावशीच्या समोरून, सूंऽऽ.

कुंपणाच्याही पलीकडे गेलं. गवतात जाऊन टेकलं. अलगद.

खारबाईंनी उड्या मारत अंतर मोजलं. गुबऱ्याचं विमान, दोन उड्या. बेडकीचं विमान, सहा उड्या. ठिपकीचं विमान मोजता मोजता बाईंना धाप लागली.

"चाळीस," बाई म्हणाल्या. "सगळ्यांत लांब."

"आमची ठिपकी आहे ती," बकुळाकाकू म्हणाली.

"तुमची कधीपासून?" वानरमामा म्हणाला. "मला आधी भेटली."

"मला त्याच्याही आधी," भिंतीतून साळुंकी म्हणाली.

गुबऱ्या हळूच ठिपकीजवळ आला. "मला शिकवशील?"

"शिकवीन. पण कापायचं तू. घासायचं पण तूच."

"बरं."

ठिपकीनं विमान उचललं. मिशांवरचा कापूस झटकला.

"बाई, पुन्हा उडवू?"

"उडव की."

विमान गेलं वाऱ्यावर, गोष्ट बसली मांडीवर.