कौसल्येचा होकार

“...आणि देह अनित्यच आहे, तर त्याचा एवढा मोह का पडावा, भंतेजी?”

विचारणारे रामटेके गुरुजी. निवृत्त शिक्षक. अवयवदानावर गावोगाव भाषणं दिलेला माणूस.

विहार झाडता झाडता वृद्ध भंते थांबले.

“कुणाचा देह?”

गुरुजी पायरीवर बसले.

“कौसल्येचा.”

मग सगळं बाहेर आलं. बायको जिन्यावरून पडली. डॉक्टर म्हणतात, मेंदू मेलाय, श्वास यंत्र देतंय. यकृत, मूत्रपिंडं देता का, असंही त्यांनी हळूच विचारलंय. मेहुणा म्हणतो, माझ्या बहिणीला चिरू देणार नाही. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही म्हणाल तसं.

“इतक्या लोकांना पटवलं मी. आता माझ्याच तोंडून शब्द फुटत नाही. तिचा हात गरम आहे हो, भंतेजी...”

भंतेंनी झाडू भिंतीला टेकवला. गुरुजींचा हात आपल्या हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही.

“त्या काय म्हणाल्या असत्या?”

गुरुजींना रडता रडता हसू आलं.

“मला काय विचारता, म्हणाली असती. ज्याला पाहिजे त्याला देऊन टाका. घरात काही चांगलं शिजलं की आधी शेजारी जायचं, मग माझ्या ताटात.”

“म्हणजे तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे. पण मी हो म्हटलं की ती गेली. तोवर... आहे.”

भंतेंनी त्यांचा हात सोडला.

“डॉक्टरांना नंतर सांगा. आधी कौसल्याबाईंना सांगा.”

गुरुजी दवाखान्यात गेले. मेहुण्यालाही जवळ बसवलं. कौसल्येच्या कानाशी वाकून तिच्याशी बोलत राहिले. लग्नापासूनचं सगळं. शेवटी विचारलं, “देऊ ना गं?”

यंत्राचा आवाज तेवढा येत होता.

मेहुण्यानं डोळे पुसले. “द्या, भाऊजी. ताई नाही म्हणाली नसती.”

पावसाळा सरल्यावर गुरुजी पुन्हा विहारात आले. वाळले होते.

“कुणाला दिलं ते सांगत नाहीत, भंतेजी. नियमच आहे. बाजारात गेलो की येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. ह्याच्यात असेल का ती? त्या पोरीत असेल का?... परवा बसमध्ये शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. थकलेली. वाटलं विचारावं, बाई, बरं आहे ना आता? जीभच उचलेना. हे वेड कधी जाईल?”

भंतेंनी पुन्हा त्यांचा हात हातात घेतला.

“विचारलं का नाही? कुणीही असली, तरी थकलेली होतीच ना ती.”