केंद्रस्थानी पाडस

एक जंगल होतं. तिथे बिबट्याचं राज्य होतं, आणि ते प्रजेनंच निवडून दिलेलं असल्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्न कायमचा मिटला होता.

त्या जंगलात गोदी नावाची भेकरीण राहायची. एका सकाळी तिच्या पाडसाच्या खुरात बाभळीचा काटा मोडला. पूर्वी असं झालं की जनावर ठोकेबुवांच्या सागाखाली जाऊन पाय वर करायचं. ठोकेबुवा म्हणजे सुतारपक्षी. ते चोच घालून काटा उपसायचे आणि "अनवाणी हिंडू नये" असं प्रत्येकाला बजावायचे. गोदी पाडसाला घेऊन तिकडेच निघाली, तर वाटेत कोल्हे शिपायानं अडवलं.

"आता तसं चालत नाही, बाई. नवं धोरण आलंय. रुग्ण केंद्रस्थानी."

धोरण आरोग्यमंत्री तरसाचं होतं. आजाऱ्यांत त्याला पहिल्यापासूनच रस. दर हिवाळ्यात परदेशाहून येणारा रोहित पक्षी त्याचा सल्लागार. प्रगत जंगलांत रुग्ण केंद्रस्थानी असतो, असं रोहितनं सांगितलं आणि मंत्रिमंडळानं लगेच जंगल मोजायला घेतलं. बरोबर मध्य तळ्याकाठच्या चिखलात निघाला. तिथे चौथरा बांधला.

पाडसाला त्या चौथऱ्यावर चढवलं. भोवती मंत्री बसले, त्यांच्यामागे सल्लागार, त्यामागे जयजयकाराची माकडं, आणि पार कडेला, परिघावर, वैद्य.

"प्रत्येक वैद्य रुग्णापासून सारख्याच अंतरावर," तरस म्हणाला. "याला म्हणतात समानता."

वैद्य एकच होता, तरी टाळ्या पडल्या.

पाडसाचा पाय सुजून भोपळा झाला होता. गोदीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"साहेब, तेवढा काटा काढा ना. पोर तापानं फणफणलंय."

"काटा काढणं ही जुनी दृष्टी झाली, ताई," रोहित म्हणाला. "आम्ही रुग्णाचा अनुभव समृद्ध करतो. आणि एक पाय गेला तर बिघडलं कुठे? मी जन्मभर एकाच पायावर उभा आहे."

गोदी धावत परिघावर गेली. ठोकेबुवा कुंपणाच्या खांबावर बसून होते.

"बुवा, या ना आत."

"मला सोडत नाहीत गं, पोरी. आता सगळं केंद्राच्या अखत्यारीत आहे."

"मग केंद्रातलं पोरच इकडे आणते," गोदी म्हणाली, आणि भुंकली.

भेकर भुंकलं म्हणजे बिबट्या आला, एवढं जंगलात मंत्र्यांनाही कळतं. साहेब आले म्हणून सगळे स्वागताला रस्त्याकडे पळाले. हार कुणी घालायचा यावरून वाटेत चेंगराचेंगरीही झाली. तेवढ्यात गोदीनं पाडसाला ढकलत, चाटत कडेला आणलं. ठोकेबुवांनी एका हिसक्यात काटा बाहेर काढला. पाडसानं पाय टेकवला, आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू गोदीला आवरेना.

बिबट्या काही आला नाही. मंडळी परतली तर चौथरा रिकामा. तरस जराही गडबडला नाही. रुग्ण केंद्रातून आपल्या पायांनी चालत गेला, असं त्यानं जाहीर केलं, आणि ते खोटंही नव्हतं.

पण साहेबांच्या हस्ते उद्घाटन अजून व्हायचं होतं. केंद्र रिकामं ठेवून कसं चालेल? तेव्हा जंगलातल्या यच्चयावत पायवाटांवर बाभळी लावायचा ठराव झाला. त्याला वृक्षारोपण म्हणाले. रोपं सरकारी होती, तरी या खेपेला एकूण एक जगली.