पाथरवटाची लेक आणि नदीवरचा पूल

फार जुन्या काळी, मोठ्या नद्यांना अजून पूल ठाऊक नव्हते तेव्हा, डोंगराळ मुलखात एक राज्य होतं. त्या राज्याच्या राजधानीत एक नामांकित विद्यापीठ होतं. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्याला तांब्याची मुद्रा मिळे. ती मुद्रा दाखवली की राजदरबाराचं दार उघडे.

राजधानीपासून तीन दिवसांच्या वाटेवर एक पाथरवट राहत होता. त्याची थोरली लेक सगुणा दगडाच्या कामात बापाइतकीच तरबेज होती. शिवाय तिला गणिताची गोडी होती. ती सोळाव्या वर्षी पायी राजधानीला गेली, परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली.

पण तिथलं शिक्षण महाग होतं. पाथरवटाची दगडाची एकच खाण होती. घरातली पाच माणसं तिच्यावर जगत होती.

बाप म्हणाला, "खाण विकू. पोरी, तुझ्यासारखं डोकं काही दर पिढीला निपजत नाही."

दुसऱ्या दिवशी सगुणा पुन्हा राजधानीच्या वाटेला लागली आणि विद्यापीठाच्या आचार्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"आचार्य, इथं न शिकता मला पूल बांधता येतील का?"

आचार्य सरळ मनाचे होते. ते म्हणाले, "येतील. पण इथं जे पाच वर्षांत कळतं, ते बाहेर कळायला पंधरा लागतील. मुद्रा नसेल तर दरबारात तुला कुणी विचारणारही नाही. खोटी आशा मी दाखवणार नाही."

सगुणा म्हणाली, "वर्षं माझ्याकडं आहेत. खाण मात्र एकच आहे."

तिनं नमस्कार केला आणि ती घरी परतली. वाटेत ती रडली, हेही खरं.

मग गावोगावच्या ओढ्यांवर ती साकव बांधू लागली. साकव म्हणजे माणसं आणि गुरं जाण्यापुरता लहानसा पूल. तिचा पहिलाच साकव पहिल्या पावसाळ्यात वाहून गेला. माणूस दगावलं नाही, पण एका म्हातारीची दुभती म्हैस पुरात गेली. सगुणा त्या म्हातारीच्या दारात गेली आणि म्हणाली, "आजी, चूक माझी आहे. ती नेमकी कुठं झाली, ते मला अजून कळलेलं नाही. कळल्याशिवाय मी हे गाव सोडणार नाही."

म्हातारी रागावली होती, तरी तिनं तिला भाकर वाढली.

सगुणा त्या गावात वर्षभर राहिली. पुराच्या दिवसांत काठावर बसून पाणी बघायची. कोळ्यांना विचारायची, "पुरात मासे कुठं दडतात? तळ कुठं खचतो?" तेव्हा तिला समजलं, की उन्हाळ्यात घट्ट वाटणारा वाळूगोट्यांचा तळ पावसाळ्यात पाणी उकरून नेतं. पुढं ती लांब पहार ठोकून खालचा खडक लागेपर्यंत खोदायची, आणि मगच खांब उभा करायची. त्या गावात तिनं दुसरा साकव बांधला, मोबदला न घेता. हळूहळू अशा एकोणीस ओढ्यांवर तिचे साकव झाले. दरसाल पाऊस सरला की ती प्रत्येक साकव पुन्हा बघून येई.

अशी पंधरा वर्षं गेली. एका पावसाळ्यात राजधानीच्या नदीत वऱ्हाडाची नाव उलटली आणि चाळीस माणसं बुडाली. राजानं नदीवर पूल बांधायची आज्ञा केली. सगुणा नकाशा घेऊन दरबाराकडे गेली. पहारेकऱ्यानं विचारलं, "मुद्रा?" मुद्रा नव्हती. तो तिला आत सोडेना. आचार्य म्हणाले होते तसंच झालं.

काम राजाच्या स्थपतीकडं गेलं. तो त्याच विद्यापीठाचा हुशार विद्यार्थी होता, कामालाही चोख होता. तरी पहिल्या पावसात त्याचे दोन्ही खांब कलले. दुसरा एखादा असता तर त्यानं गवंड्यांना दोष दिला असता. हा मात्र घोड्यावर बसून राज्यभर हिंडला आणि कुठले पूल टिकले, ते बघत गेला. एकोणिसावा साकव बघितला, ते सगळे एकाच बाईनं बांधलेत हे ऐकलं आणि तो सगुणाच्या दारात आला.

"बाई, माझे खांब का कलले?"

"तुम्ही तळ कधी तपासला?"

"उन्हाळ्यात. तेव्हा तो दगडासारखा होता."

"नदीला पावसाळ्यात विचारायचं असतं," सगुणा म्हणाली.

स्थपती म्हणाला, "माझ्याबरोबर चला. दरबाराचं दार मी उघडतो."

दोघांनी मिळून काम हाती घेतलं. पायाचं काम तिनं घेतलं. कमानीचा भार खांबांवर कसा वाटायचा, त्याचं गणित त्यानं मांडलं. ते गणित बघून सगुणा म्हणाली, "हे मला तरुणपणी कळलं असतं, तर माझी सात वर्षं वाचली असती."

स्थपती म्हणाला, "आणि मी एक वर्ष तुमच्याबरोबर पुरात उभा राहिलो असतो, तर माझे खांब वाचले असते."

चार वर्षांनी पूल पुरा झाला. त्या साली मोठा पूर आला. लोक काठावर जमले आणि दिवसभर बघत राहिले. संध्याकाळी पाणी उतरलं. पूल जागच्या जागी होता.

राजानं विचारलं, "शिलालेखावर कुणाचं नाव घालायचं?"

स्थपती म्हणाला, "आधी त्यांचं. पाया वरच्या बांधकामाच्या आधी येतो."

राजानं सगुणाला मुद्रा देऊ केली. ती म्हणाली, "महाराज, मुद्रा नको. दरसाल दहा गरीब मुलामुलींना विद्यापीठात विनामूल्य शिकू द्या. आणि तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक पावसाळा माझ्याकडं ओढ्यावर धाडा."

राजानं दोन्ही गोष्टी मान्य केल्या. त्या राज्यातले पूल बघायला पुढं दूरदूरच्या देशांतून लोक येऊ लागले.

तात्पर्य : मोठं विद्यालय वाट जवळची करतं, पण मुक्काम गाठतो तो चालत राहणारा.